गोळी सुटण्याआधी: अमेरिकेतले पोलीस आणि कृष्णवर्णीय वस्त्या

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने वर्षाला साधारण हजार माणसं मरतात. हा आकडा सरकारने नीट मोजलेला नाही. एफबीआयकडे माहिती पाठवणं स्थानिक पोलिसांच्या मर्जीवर होतं आणि बरेच जण ती पाठवतच नव्हते. शेवटी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने २०१५ पासून एकेक घटना नोंदवायला घेतली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मृतांमध्ये संख्येने गोरे अधिक आहेत, कारण देशातच ते अधिक आहेत. पण लोकसंख्येत १३-१४ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचा मृतांमधला वाटा सुमारे एक चतुर्थांश भरतो. दर दहा लाख माणसांमागे हिशोब केला तर त्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त येतं.

इथून पुढे वाद सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं, पोलीस वर्णद्वेषी आहेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जिथे गुन्हे जास्त तिथे पोलीस जास्त आणि जिथे पोलीस जास्त तिथे गोळीबार जास्त. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही बाजू एकाच जागी अडकतात: व्हिडिओत दिसणाऱ्या शेवटच्या काही सेकंदांवर. त्या पोलिसाच्या मनात काय होतं, हे त्या सेकंदांतून सहसा ठरवता येत नाही. तो पोलीस तिथे कशासाठी आला, त्याला काय सांगून पाठवलं गेलं, तो किती जवळ जाऊन उभा राहिला आणि समोरचा माणूस का पळाला, हे मात्र बहुतेक वेळा कागदोपत्री सापडतं.

मागचा दिवा फुटला आहे

सामान्य अमेरिकी माणसाची पोलिसांशी गाठ पडते ती बहुतेक वेळा रस्त्यावर, गाडी अडवली जाते तेव्हा. १९९६ मध्ये ‘व्हरेन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाहतुकीचा एखादा नियम मोडलेला असला की गाडी अडवणं कायदेशीर. पोलिसाच्या मनातला खरा हेतू काय होता, हे न्यायालय तपासणार नाही. आता अमेरिकेतल्या कुठल्याही गाडीमागे दहा मिनिटं चालवत राहिलं तर काही ना काही नियमभंग सापडतोच: वळताना इंडिकेटर उशिरा दिला, नंबरप्लेटवरचा दिवा गेला, आरशाला काहीतरी लटकतंय. मग फुटलेला दिवा हे निमित्त होतं आणि गाडीत डोकावणं हा उद्देश.

याचा भार कोणावर पडतो हे मोजायची एक हुशार पद्धत आहे. संध्याकाळी सातची वेळ घ्या. उन्हाळ्यात तेव्हा उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. रस्त्यावरची माणसं, घरी जायची घाई, पोलिसांची पाळी, सगळं साधारण तेच. फरक इतकाच, की अंधारात गाडी चालवणाऱ्याचा वर्ण लांबून दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे दहा कोटी नोंदी जमवल्या आणि जिथे माहिती पुरेशी होती तिथे ही तुलना करून पाहिली. अंधार पडल्यावर अडवलेल्या चालकांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा कमी होत होता.

फिलांडो कास्टील हा मिनेसोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघराचा पर्यवेक्षक. त्याला तेरा-चौदा वर्षांत किमान ४६ वेळा अडवण्यात आलं होतं, आणि त्यातल्या थोड्याच वेळा कारण असं होतं की जे बाहेरून दिसावं. ६ जुलै २०१६ ला पुन्हा अडवलं. पोलिसाने त्याला सांगितलं, मागचा दिवा गेलाय. रेडिओवर मात्र त्याआधी तो सहकाऱ्याला सांगत होता की चालकाचं नाक एका दरोड्यातल्या संशयितासारखं रुंद आहे. कास्टीलकडे परवान्याचं पिस्तूल होतं आणि त्याने ते स्वतःहून, ‘सर’ म्हणून सांगितलं. पुढच्या काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलिसावर खटला चालला आणि २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला.

आपल्याकडून अमेरिकेत गेलेल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात हवालदाराने शिट्टी मारली की चालक गाडी बाजूला घेतो, खाली उतरतो आणि कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो. तो आदर समजला जातो. अमेरिकेत हेच केलं तर पोलीस ते हल्ल्याची तयारी समजू शकतो. तिथे गाडीतच बसून राहायचं, काच खाली करायची, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. लायसन्स खिशात किंवा समोरच्या कप्प्यात असेल तर आधी तोंडाने सांगायचं, ‘आता तिथून काढतो’, होकार मिळाला की सावकाश हात न्यायचा. कृष्णवर्णीय आईवडील मुलगा वयात आला की त्याला हे सगळं बसवून शिकवतात. कास्टीलने यातलं बरंचसं पाळलं होतं.

दंडावर चालणारं गाव

फर्ग्युसन हे मिसुरी राज्यातलं, सेंट लुईस शहराला लागून असलेलं सुमारे २१,००० वस्तीचं गाव. ९ ऑगस्ट २०१४ ला तिथे मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा निःशस्त्र मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि गाव पेटलं. केंद्राच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये एकाच दिवशी दोन अहवाल काढले. ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

पहिल्या अहवालात म्हटलं होतं की त्या पोलिसावर खटला भरण्याजोगा पुरावा नाही. ब्राउनने शरणागतीसाठी हात वर केले होते ही जगभर पसरलेली कहाणी साक्षी-पुराव्यांशी जुळत नाही. दुसरा अहवाल अख्ख्या पोलीस खात्याबद्दल होता आणि तो भयंकर होता. गावात ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय, पण २०१२ ते २०१४ या काळात अडवलेल्या गाड्यांपैकी ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांपैकी ९० टक्के आणि अटकांपैकी ९३ टक्के त्यांच्या वाट्याला. पन्नासहून अधिक पोलिसांत कृष्णवर्णीय चारच.

कारण गावाच्या अंदाजपत्रकात होतं. २०१५ साठी १.३३ कोटी डॉलरच्या उत्पन्नातले जवळपास ३१ लाख डॉलर दंड आणि फी यांतून यावेत असं धरलेलं होतं. सेंट लुईस जिल्ह्यात अशा नव्वदएक चिमुकल्या नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे स्वतःचे पोलीस, स्वतःचं न्यायालय. मालमत्ता कर तुटपुंजा, म्हणून अधिकारी पोलिसांवर पावत्या फाडण्यासाठी दबाव आणत.

हे यंत्र माणसाला कसं चिरडतं ते अहवालातल्या एका बाईच्या प्रकरणात दिसतं. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर, वर फी. पैसे नव्हते, तारखा चुकल्या. प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा गुन्हा, नवा दंड, अटकेचं वॉरंट. सहा दिवस ती तुरुंगात राहिली. २०१४ अखेर तिने ५५० डॉलर भरले होते आणि ५४१ डॉलर अजून देणं होतं! त्या काळात २१,००० लोकांच्या या गावात वॉरंट निघालेल्यांची संख्या १६,००० च्या वर होती (सगळे गावातलेच नव्हते, रस्त्यावरून जाणारेही त्यात आले).

आता या गोष्टीचा गोळीशी संबंध पाहा. ज्याच्या नावावर वॉरंट आहे त्याला पोलीस दिसला की अटक दिसते, अटक झाली की नोकरी गेली. म्हणून तो पळतो. पोलिसाला मात्र पळणारा माणूस गुन्हेगारच वाटतो. साउथ कॅरोलायनात एप्रिल २०१५ मध्ये वॉल्टर स्कॉट यांना ब्रेकच्या दिव्यावरून अडवलं, ते पळाले. मुलांच्या पोटगीची थकबाकी होती, तुरुंगाची भीती वाटली असावी, असं कुटुंबाने सांगितलं. पोलिसाने पाठीत गोळ्या घातल्या आणि आपल्या विजेच्या बंदुकीवर त्यांनी झडप घातली होती असं सांगितलं. वाटेने जाणाऱ्या एकाने चित्रण केलं नसतं तर तेच खरं ठरलं असतं. त्या पोलिसाला पुढे २० वर्षांची शिक्षा झाली. असं क्वचित होतं.

फोनवर काय सांगितलं, पोलिसाने काय ऐकलं

२२ नोव्हेंबर २०१४, क्लीव्हलंड. बागेत कोणीतरी लोकांवर पिस्तूल रोखतोय, असा तातडीच्या मदतीच्या ९११ या क्रमांकावर फोन आला. फोन करणाऱ्याने हेही सांगितलं की पिस्तूल बहुधा खोटं आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे. फोन घेणारीने हे दोन तपशील पुढे टाकलेच नाहीत. गस्तीच्या गाडीला कळलं ते इतकंच: बंदूक घेतलेला माणूस. गाडी थेट गवतावरून मुलाच्या अगदी जवळ जाऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. टामिर राइस १२ वर्षांचा होता, हातात खेळण्यातली बंदूक.

या घटनेत चुकीचे तीन थर आहेत. पहिला थर निरोपाचा. दुसरा डावपेचांचा: लांब थांबून, गाडीच्या आडोशाने, मोठ्याने सूचना देता आल्या असत्या. अंतर आणि आडोसा मिळाला की वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की खेळणं ओळखता येतं. पोलीस स्वतःच इतका जवळ गेला की गोळीखेरीज पर्याय उरू नये, ही स्थिती अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसते. तिसरा थर भरतीचा. गोळी झाडणाऱ्याला आधीच्या एका छोट्या पोलीस खात्याने कामाला अयोग्य ठरवलं होतं. क्लीव्हलंडने त्याची फाइल मागवलीच नाही. अमेरिकेत १८,००० च्या आसपास स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत, कित्येकांत दहा पोलीसही नाहीत. एकीकडून गेलेला दुसरीकडे लागतो.

फोन करणाऱ्याचे पूर्वग्रहही या साखळीत येतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातमधून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला निघाले. शेजाऱ्याने फोन केला, एक सडपातळ कृष्णवर्णीय माणूस घरांत डोकावतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला इजा होऊन अंगाचा काही भाग लुळा पडला. पोलिसावर खटला झाला, ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्याला सोडलं. ‘आपला त्या भांडणाशी काय संबंध’ असं म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या देशी मंडळींनी हे प्रकरण मुळातून वाचावं.

प्रशिक्षणाकडे पाहिलं तर घाईचं कारण कळतं. पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संशोधन संस्थेने २०१५ मध्ये पाहणी केली. नव्या पोलिसाला बंदुकीचं प्रशिक्षण सरासरी ५८ तास, झटापटीचं ४९ तास आणि तणाव निवळवण्याचं ८ तास. एकूण प्रशिक्षण सहा महिन्यांच्या आतबाहेर. जर्मनीत अडीच-तीन वर्षं. त्यात ‘२१ फूट’ नावाची गोष्ट डोक्यात बसवली जाते. १९८३ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या प्रशिक्षकाने दाखवलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात पार करतो, तेवढ्यात पिस्तूल काढून नेम धरणं अवघड. त्याचा सरळ अर्थ असा की लांब राहा, आडोसा घ्या. अनेक ठिकाणी अर्थ झाला तो असा, की २१ फुटांच्या आत आला की मारायला हरकत नाही.

पोलिसांची भीती पोकळ मात्र नाही, हेही मांडायला हवं. २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. एफबीआयच्या नोंदींनुसार २०२१ मध्ये ७३ पोलिसांची हत्या झाली. ब्रिटनचा शिपाई बंदुकीशिवाय गस्त घालू शकतो, कारण समोरच्याकडेही सहसा बंदूक नसते. अमेरिकेतला पोलीस गाडीकडे जाताना अनेकदा हात पिस्तुलावर ठेवतो. ही भीती कृष्णवर्णीय चालकासमोर लवकर उफाळते का, हा संशोधकांमध्ये चुरशीचा प्रश्न आहे. हार्वर्डचे कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांना ह्यूस्टनच्या नोंदींमध्ये गोळीबारात वर्णभेद आढळला नाही. न्यूयॉर्कच्या नोंदींमध्ये ढकलणं, बेड्या घालणं, भिंतीला टेकवणं यांत मात्र तो स्पष्ट आढळला. टीकाकारांचा आक्षेप असा, की या नोंदी पोलिसांनी ज्यांना गाठलं त्यांच्याच आहेत. विनाकारण अडवलेले निरपराध कृष्णवर्णीय त्या आकड्यात मिसळले, की गोळीबाराचं प्रमाण आपोआप सौम्य दिसतं. मला हा आक्षेप पटतो.

कायदा घड्याळ कधी सुरू करतो

१९७४ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिसच्या पोलिसाने कुंपण ओलांडणाऱ्या १५ वर्षांच्या एडवर्ड गार्नरला डोक्यात गोळी घातली. मुलाकडे शस्त्र नव्हतं. चोरी दहा डॉलरची. तेव्हा पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडणं टेनेसीच्या कायद्याला मान्य होतं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं: पळणाऱ्यापासून जिवाला गंभीर धोका असेल तरच गोळी.

आजही सगळे खटले ज्यावर तोलले जातात तो निकाल १९८९ चा, ‘ग्रॅहम’ खटल्याचा. डेथॉर्न ग्रॅहम हा मधुमेही कृष्णवर्णीय. साखर उतरतेय असं वाटून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, रांग मोठी पाहून लगेच बाहेर आला. पोलिसाला संशय आला. त्याला दारुडा समजून बेड्या घातल्या, मधुमेहाचं कार्ड पाहिलं नाही, मित्राने आणलेला रस देऊ दिला नाही, पाय मोडला. न्यायालयाने कसोटी घालून दिली की त्या जागी उभा असलेला समंजस पोलीस त्या क्षणी काय करता, त्यावरून बळाचा वापर तोलायचा. मागाहून सुचलेल्या शहाणपणावरून नाही. कसोटी ऐकायला रास्त आहे. पण काही न्यायालयांनी तिचा अर्थ ‘फक्त तोच क्षण’ असा लावला. मग पोलीस धावत्या गाडीसमोर स्वतःहून उभा राहिला तरी प्रश्न इतकाच उरतो: गाडी अंगावर येत असताना त्याला भीती वाटली की नाही?

हे बदललं ते अगदी अलीकडे. ह्यूस्टनमध्ये २०१६ साली ॲशटियन बार्न्स या तरुणाला टोल थकल्यावरून अडवलं होतं. गाडी भाड्याची होती. गाडी पुढे सरकताच पोलिसाने तिच्या दारात उडी घेतली आणि आत गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयाने तेवढे दोन सेकंद पाहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की आधीचा सगळा घटनाक्रम बघायलाच हवा. पोलिसाने धोका स्वतः ओढवून घेतला तर त्याचं काय, हा मुद्दा मात्र न्यायालयाने तिथेच सोडला.

नुकसानभरपाईच्या दाव्यात आणखी एक भिंत आहे. नागरिकाचा जो हक्क मोडला गेला तो आधीच्या निकालांनी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ झालेला नसेल तर पोलिसावर वैयक्तिक दावा चालत नाही. म्हणजे जवळजवळ तशाच प्रसंगाचा जुना निकाल दाखवावा लागतो. तो नसला की दावा फेटाळला जातो आणि नवा निकालही तयार होत नाही. पैसे मिळाले तरी ते शहराच्या, म्हणजे करदात्यांच्या तिजोरीतून. फौजदारी खटला भरायचा तो जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने, आणि त्याची रोजची सगळी प्रकरणं याच पोलिसांच्या साक्षींवर उभी असतात.

शिकागोत ऑक्टोबर २०१४ मध्ये लाक्वान मॅकडॉनल्डला १६ गोळ्या लागल्या. पोलिसांच्या निवेदनांत तो चाकू घेऊन अंगावर आल्याचं होतं. शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर दिले, चित्रफीत मात्र १३ महिने दाबून ठेवली. न्यायाधीशाच्या आदेशाने ती बाहेर आली तेव्हा मुलगा पोलिसांपासून लांब चालताना दिसत होता. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, मे २०२० मध्ये, मिनीआपोलिस पोलिसांच्या पहिल्या निवेदनाचं शीर्षक होतं की पोलिसांशी संपर्क आल्यावर एका माणसाचा वैद्यकीय कारणाने मृत्यू. पोलिसाने मानेवर साडेनऊ मिनिटं टेकवलेल्या गुडघ्याचा त्यात उल्लेख नव्हता. वस्तीतले लोक पोलिसांची पहिली माहिती खोटी धरूनच का चालतात, याचं उत्तर अशा कागदांत आहे.

जुनं येणं

साउथ कॅरोलायनाच्या वसाहतीत १७०४ पासून गुलामांवर नजर ठेवणारी गस्ती पथकं होती. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी बेकार फिरणं हाच गुन्हा ठरवला आणि पकडलेल्यांना पुन्हा शेतांवर जुंपलं. उत्तरेत १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने रंगवून गृहकर्जाला धोकादायक ठरवल्या. त्यामुळे गरिबी ठरावीक मोहल्ल्यांतच साचली. १९६५ ची लॉस एंजलिसमधली वॉट्सची दंगल एक गाडी अडवण्यावरून भडकली. १९६७ ची न्यूअर्कची दंगल एका टॅक्सीचालकाच्या अटकेवरून. त्या उन्हाळ्यातल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये पोलिसांचं वागणं हे तक्रारींच्या यादीत अगदी वर ठेवलं होतं.

आणि याच वस्त्यांना पोलीस हवेही असतात. अमेरिकेत खून होणाऱ्यांत साधारण निम्मे कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांच्या खुनांचा तपास लागण्याचं प्रमाण कमी आहे. दिव्यावरून गाडी अडवणारा पोलीस भावाचा खुनी शोधत नाही. म्हणून साक्षीदार बोलत नाही, म्हणून खुनी सापडत नाही, म्हणून लोक स्वतः बंदूक बाळगतात. नुसते कृष्णवर्णीय पोलीस भरती करून हे सुटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसमध्ये टायर निकल्सला गाडी अडवून मारहाणीत जीव जाईपर्यंत बडवणारे पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. ते एका खास पथकाचे होते, आणि गाड्या अडवणं हेच त्या पथकाचं मुख्य हत्यार होतं.

नियम बदलले की आकडे बदलतात

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९७१ मध्ये ९३ माणसं गोळ्या घालून मारली. ऑगस्ट १९७२ मध्ये खात्याने नवे नियम काढले: इशाऱ्याची गोळी झाडायची नाही, गाडीखेरीज दुसरं शस्त्र नसेल तर धावत्या गाडीवर गोळी झाडायची नाही, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची मंडळापुढे चौकशी. आकडा लगेच उतरू लागला. २०१० मध्ये तो ८ होता. गुन्हेगारी घटल्याचाही वाटा त्यात आहे, पण पहिली मोठी घट गुन्हे घटायच्या कितीतरी आधीची. याच शहराने २०११ मध्ये सुमारे ६,८५,००० वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं, त्यातले दहापैकी जवळपास नऊ निरपराध निघाले. २०१३ मध्ये न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. थांबवणं प्रचंड कमी झालं आणि तरी खून वाढत गेले नाहीत, थोड्या चढउतारांसह पुढच्या काही वर्षांत घटले.

फिलाडेल्फियाने मार्च २०२२ पासून आठ किरकोळ कारणांवरून गाडी अडवणं बंद केलं. एक ब्रेकचा दिवा गेला, बंपर लोंबतोय, अशी ती कारणं आहेत. पावती घरी पाठवता येते. डेन्व्हरमध्ये जून २०२० पासून मनोरुग्णांच्या काही फोनवर पोलिसांऐवजी समुपदेशक आणि वैद्यकीय मदतनीस व्हॅन घेऊन जातात. पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांत पाचातला एकजण मानसिक आजाराने ग्रासलेला असतो, हे धरलं तर ही व्हॅन किती महत्त्वाची ते कळेल.

सगळ्यात जोरदार साधन केंद्राकडे आहे. लॉस एंजलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय चालकाला केलेल्या मारहाणीनंतर आलेल्या, १९९४ च्या कायद्याने न्याय विभाग अख्ख्या पोलीस खात्यावर दावा लावू शकतो आणि न्यायाधीशाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं सुधारणा करवून घेऊ शकतो. फर्ग्युसन, क्लीव्हलंड इथे असे करार झाले. लुईव्हिल आणि मिनीआपोलिसचे तयार होते. मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने त्या दोन्हींतून अंग काढून घेतलं. मिनीआपोलिसवर आता फक्त राज्य सरकारच्या मानवी हक्क विभागाशी झालेल्या वेगळ्या कराराची देखरेख आहे.